राक्षसाचा बाप माफी मागून सुटला!

७ नोव्हेंबर हा दिवस साताऱ्याचा. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. २०२५ च्या ७ नोव्हेंबरलाही आम्ही साताऱ्यात होतो. अभिवादन झाले, चार भाषणे झाली, पोरांना वह्या-पेने वाटली गेली. संध्याकाळी माहुलीच्या स्टेशनावरून गाडी पकडून आम्ही सांगलीकडे निघालो. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर. मसूर आले की आम्ही खिडकीतून बाहेर बघतो. ही आमची जुनी सवय आहे. तिचे कारण पुढे येईलच.

सांगलीत मावसभावाकडे मुक्काम होता. त्याची पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने जेवणाच्या ताटावरच जाहीर केले, "काका, आज फ्रँकेन्स्टाइन आलाय, बघायचाच!" मेक्सिकोचे नामांकित दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांचा हा चित्रपट नेटफ्लिक्सवर नेमका त्याच दिवशी जगभर खुला झाला होता. रात्री साडेनऊला बसलो ते बारा वाजून गेले. पोरगी रडली. आम्ही मात्र हिरमुसलो. तिने विचारले, "तुम्हाला नाही आवडला?" तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज येथे देत आहोत.

वाचक म्हणतील, चळवळीच्या दैनिकात या विलायती भुताचे काय काम? काम आहे. मेरी शेली या विशीतल्या मुलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती तारीख १ जानेवारी १८१८. ही तारीख आमच्या वाचकांना सांगावी लागत नाही. त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावात काय चालले होते हे घरातले शेंबडे पोरही सांगेल. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून आम्ही काहीही सिद्ध करू इच्छित नाही. पण ज्यांना माणूस मानले गेले नव्हते त्यांनी भीमेकाठी ताकद दाखवली, आणि ज्याला माणूस मानले गेले नाही अशा एकाची कैफियत त्याच दिवशी लंडनच्या दुकानात विक्रीला आली, एवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नसावी. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचे नाव नव्हते. बाईचे नाव छापलेले नाही आणि कथेतल्या प्राण्यालाही नाव नाही!

कथा थोडक्यात अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाच्या खानदानी घरातला हुशार तरुण. प्रेतांचे अवयव जोडून तो एक प्राणी तयार करतो, त्यात जीव ओततो, आणि त्याने डोळे उघडताच त्याच्या रूपाला घाबरून पळून जातो. तो प्राणी एकटा भटकतो. लोक दगड मारतात. एका झोपडीला लागून असलेल्या गोठ्यात तो लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून ऐकत ऐकत भाषा शिकतो. त्या घरातला फेलिक्स हा तरुण साफी या परदेशी मुलीला एक इतिहासाचे पुस्तक वाचून शिकवत असतो, आणि भिंतीआडून हा प्राणीही शिकतो. जगात काहींकडे अमाप संपत्ती का आणि काहींकडे भीक का, कुळ म्हणजे काय, उच्च रक्त म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळते. मग तो स्वतःला विचारतो की यात मी कोठे बसतो?

फटीतून शिकणारा हा विद्यार्थी आम्हाला अनोळखी नाही. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसून धडे ऐकणारा एक मुलगा होता. ते गोणपाटही त्याला घरून आणावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्याची तहान भागे. गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतायला सांगितले. ऐकण्याची एवढी भीती का वाटावी, याचे उत्तर मेरी शेलीने जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुरू केलेल्या कादंबरीत लिहिले आणि तिला आपल्या धर्मसूत्रांचा पत्ताही नसावा.

देल तोरोंच्या चित्रपटात हा भाग आहे, पण कसा? साफी गायब. फेलिक्सचे ते पुस्तक गायब. उरतो एक आंधळा म्हातारा, जो प्रेमाने त्या प्राण्याला जवळ करतो. प्रसंग सुंदर आहे, आमच्याही डोळ्यांत पाणी आले. पण कादंबरीत काय आहे ते बघा. हे घर साध्यासुध्या लोकांचे नाही. हे पॅरिसचे सुशिक्षित कुटुंब आहे. साफीच्या बापाला, एका तुर्क व्यापाऱ्याला, केवळ त्याच्या धर्मापायी आणि पैशापायी अन्यायाने फाशीची शिक्षा होते. फेलिक्स जीव धोक्यात घालून त्याला सोडवतो आणि त्यापायी सारे कुटुंब इस्टेट गमावून देशोधडीला लागते. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर हे घर पक्के पुरोगामी! परक्या धर्माच्या माणसासाठी सर्वस्व गमावलेले! आणि तोच फेलिक्स दारात त्या प्राण्याला म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेला पाहतो आणि काठी उचलून त्याला बडव बडव बडवतो. काही विचारत नाही. ऐकूनही घेत नाही.

मेरी शेलीची खरी धार इथे आहे. दुष्ट माणसाने मारले तर त्यात नवल काय? चांगल्या माणसाने मारले, ही खरी भयकथा. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही सांगलीत भाड्याने खोली शोधत होतो. आदल्या आठवड्यात ज्यांनी आमच्या समतेवरच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच गृहस्थांची खोली रिकामी असल्याचे कळले. गेलो. चहा झाला, पुस्तकांवर बोलणे झाले, आणि खोलीचा विषय निघताच घरातल्या म्हाताऱ्या आईच्या सोवळ्याची अडचण निघाली. काठी उचलली नाही त्यांनी, तेवढा सुसंस्कृतपणा होता. फेलिक्स आम्हाला तेव्हा भेटला.

चित्रपटाने हे सगळे पुसून टाकले. तिथे म्हाताऱ्याला लांडगे मारतात आणि बाहेरून आलेले शिकारी गैरसमजाने त्या प्राण्यावर गोळ्या झाडतात. गैरसमज! दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलीने ज्याला पूर्वग्रह म्हटले त्याला आजच्या दिग्दर्शकाने गैरसमज करून टाकले. गैरसमज दूर करता येतो, त्यासाठी कोणाला बदलावे लागत नाही.

दुसरा घाव त्याहून मोठा. कादंबरीत जस्टिन नावाची एक मोलकरीण आहे. फ्रँकेन्स्टाइनच्या घरात वाढलेली गरीब पोर. व्हिक्टरच्या लहान भावाचा खून होतो, त्याच्या गळ्यातली तसबीर हिच्या खिशात सापडते. पुरावा तेवढाच. पाद्री तिला धर्माबाहेर टाकण्याची, नरकाची धमकी देऊन देऊन खोटा कबुलीजबाब वदवून घेतो. ती फासावर जाते. आणि खुनी कोण आहे हे ओळखून असलेला व्हिक्टर गप्प बसतो, कारण बोलला तर लोक वेडा म्हणतील! मालकाच्या अब्रूसाठी मोलकरणीचा जीव. चित्रपटात जस्टिन नावाचे पात्रच नाही. तिला कापून टाकले की व्हिक्टरच्या गळ्यातली सर्वात जड धोंड आपोआप निघते.

सातारा-सांगलीच्या मातीत जस्टिन काही कमी नाहीत. हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. वारणेच्या खोऱ्यातील वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत होते. त्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 'फकिरा' लिहिली, १९५९ साली. गावात कोठेही काही घडले की मांगवाड्याकडे बोट, रोजची हजेरी, पोटातल्या भुकेलाही गुन्ह्याचे नाव. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले, आणि पोलिसाच्या नजरेतून तो अजून रद्द झालेला नाही. अण्णा भाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली ती उगाच नव्हे. जगाने ज्याला दरोडेखोर ठरवले त्याला त्यांनी तोंड दिले, बोलायला लावले. मेरी शेलीनेही तेच केले होते. तिच्या कादंबरीचा ऐन मधला भाग तो प्राणी स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि बोलतो तेही कायद्याच्या वकिलासारखे!

सिनेमाने मात्र त्याची वाचा पहिल्यापासून हिरावली. १९३१ साली हॉलीवूडने जो फ्रँकेन्स्टाइन काढला त्यात बोरिस कार्लोफ हा नट केवळ गुरगुरतो. (या कार्लोफचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याच्या घराण्याची मुळे हिंदुस्थानात होती. ही गंमत जाता जाता.) आणि आमच्या सांगलीने त्यात हॉलीवूडच्या आधीच बाजी मारली होती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. भाव्यांच्या त्या नाटकांत राक्षस येई तो 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत. देवांना पदे, राक्षसाला आरोळी! जोतिबांनी, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव याच सातारा जिल्ह्यातील कटगुण, १८७३ च्या 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे रक्षक, असे बजावून त्या आरोळीला उत्तर दिले. या बाबतीत देल तोरोंना न्याय दिलाच पाहिजे. त्यांचा प्राणी बोलतो. जेकब एलॉर्डी या नटाने तो जीव तोडून केला आहे. अर्धा चित्रपट त्याच्या तोंडून सांगितला जातो. मग तो बोलतो तरी काय? तो बापाबद्दल बोलतो.

इथे आमचे खरे भांडण आहे. चित्रपटात व्हिक्टरचा बाप कडक, छडीने मारणारा. म्हणून व्हिक्टर तसा झाला. म्हणून व्हिक्टरने आपल्या 'मुलाला' साखळीने बांधले, मारले. शेवटी बर्फात अडकलेल्या जहाजावर मरता मरता व्हिक्टर त्याला बाळ म्हणतो, क्षमा मागतो, आणि तो क्षमा करतो. मग हा प्राणी जहाज बर्फातून मोकळे करून देतो आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहतो. पडदा. प्रेक्षकाने डोळे पुसावे आणि झोपी जावे.

कादंबरीत व्हिक्टर माफी मागत नाही. मरताना तो सांगतो की मागे वळून पाहता मला माझा काही दोष दिसत नाही! उलट त्याच्या प्रेतापाशी येऊन रडतो तो हा प्राणीच. आपल्या हातून झालेल्या खुनांनी तो स्वतःच पोळलेला आहे. पण रडता रडताही तो विचारतो की सगळी मानवजात माझ्याशी वाईट वागली, मग गुन्हेगार मी एकटाच कसा? त्या प्रश्नाला उत्तर नाही. तो अंधारात निघून जातो. मेरी शेलीने वाचकाला झोपू दिले नाही.

बाप-लेकाच्या भांडणाला माफी पुरते. समाजाच्या अपराधाला पुरत नाही. हा फरक आपल्या वाचकाला समजावून द्यायला नको. 'झाले गेले विसरा, आमच्या पूर्वजांचे चुकले असेल,' असे म्हणणारे सद्गृहस्थ आपल्याला अधूनमधून भेटतात. त्यांना आपण नम्रपणे विचारतो की मग हक्कांचे काय? कादंबरीतला प्राणीही हक्कच मागतो. मला माझ्यासारखी जोडीदारीण दे, आम्ही माणसांपासून दूर जाऊन राहू, एवढीच त्याची मागणी. व्हिक्टर कबूल करतो, स्त्री बनवायला घेतो आणि मध्येच तिचे तुकडे करतो. का? यांना मुले झाली तर! यांची जात वाढली तर! १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि कोणी कोणाशी लग्न करायचे यावरच्या बंदोबस्तात जातीचे मूळ दाखवले. व्हिक्टरच्या त्या भीतीत तोच बंदोबस्त आहे. चित्रपटात मागणी तेवढी आहे, पण वचन देऊन ते मोडण्याचा प्रसंगच नाही. वचनभंग काढला की मागणीचे नुसते रडगाणे होते.

आणि राज्यकर्त्यांना ही कादंबरी काय आहे हे बरोबर कळले होते. १८२४ साली ब्रिटिश पार्लमेंटात गुलामांच्या मुक्तीवर चर्चा चालू असताना मंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी याच कथेचा दाखला दिला. अंगात पुरुषाची ताकद आणि बुद्धी लेकराची, अशा गुलामाला एकदम मोकळे केले तर त्या कादंबरीतल्यासारखा प्राणी उभा राहील, असा त्यांचा आशय. पुस्तक निघून पुरती सात वर्षे झाली नव्हती तोच ते गुलामांच्या विरोधात साक्षीला उभे केले गेले!

आणखी एक गोष्ट राहिली. व्हिक्टर सामान गोळा करतो ते कोठून? स्मशानातून, चिरफाडीच्या खोलीतून, कत्तलखान्यातून. चित्रपटात क्रिमियाच्या लढाईतील प्रेते आणि फासावर लटकलेले देह येतात. शस्त्रांचा एक व्यापारी त्याला पैसा पुरवतो, हा देल तोरोंचा स्वतःचा भाग मात्र झकास जमला आहे. पण आम्ही बघत होतो ते वेगळेच. खानदानी तरुण दिवसरात्र मढ्यांत हात घालतो आणि सरदारपुत्रच राहतो. संध्याकाळी मखमली कोट घालून पंगतीला बसतो. आमच्या आज्या-पणज्यांनी मेलेले ढोर ओढले, मसणवाट्यात लाकडे वाहिली, बेवारशी प्रेताची राखण केली, ती हौसेने नव्हे, गावकीची सक्ती म्हणून, आणि तेवढ्यावर पिढ्यान्पिढ्या विटाळ चिकटला. मढ्याला शिवून एक शास्त्रज्ञ होतो आणि एक अस्पृश्य! भुतांच्या गोष्टीतही आपल्याकडे जात सुटत नाही. ब्राह्मणाचे भूत समंध, मुंजीनंतर लग्नाआधी गेलेला बटू मुंजा. २०२४ च्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटाने त्या मुंजावर कोट्यवधींचा धंदा केला. रात्रभर मढ्याजवळ बसणाऱ्या महाराला मात्र भुताची भीती वाटत नव्हती. त्याची भीती दिवस उजाडल्यावर सुरू होई.

आता मसूर. १९०१ सालची गोष्ट. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला भाऊ आणि भाचे मिळून मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि संध्याकाळी मसूरला उतरली. नवे कपडे, भरजरी टोप्या, पायांत बूट. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुले दिसत होती चांगल्या घरची. त्याने जात विचारली, मुलाच्या तोंडून 'महार' शब्द निघाला, आणि मास्तरचा चेहरा पालटला. तो पाऊल मागे सरला. मग दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या बोलीवर. मध्यरात्रीच्या सुमारास जकात नाक्याची झोपडी. आपण मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला मिळालेला. तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. डबा जवळ होता, पाण्याविना घास उतरेना. मुले उपाशीपोटी गाडीतच निजली.

मेरी शेलीची सारी भीती डोळ्यांची आहे. तिचा प्राणी दिसतो म्हणून लोक पळतात, म्हणून आंधळा त्याला जवळ करतो. मसूरला नेमके उलटे घडले. मुले दिसत होती गोमटी. डोळ्यांनी काही बिघडले नाही, बिघडले ते कानांनी. आमच्याकडचा आंधळाही आधी गाव विचारतो, मग आडनाव. म्हणून मेकअप लावून उभा केलेला विद्रूप प्राणी आम्हाला घाबरवू शकत नाही, आणि या चित्रपटाने तर त्याला विद्रूपही ठेवलेले नाही, चांगला देखणा करून टाकला आहे! आमची भयकथा पडद्यावर आणायची तर एका माणसाचा चेहरा एका शब्दासरशी कसा बदलतो तेवढेच दाखवायला हवे. नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त, २०१३ साली, त्याच्या जवळपास पाऊल टाकले. डुकरामागे धावणारे कुटुंब आणि कडेला उभे राहून हसणारा गाव. तिथे ना अंधार होता, ना वादळ.

हे सगळे त्या रात्री पोरीला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जस्टिनला फाशी झाली आणि तो गप्प बसला? हे तर पिक्चरमध्ये नव्हतंच!" मग तिने मोबाइलवर मूळ इंग्रजी पुस्तक शोधून काढले. जुने पुस्तक, फुकट मिळाले. आम्ही स्टेशनावर निघेपर्यंत ती त्या खटल्याच्या प्रकरणापाशी पोचली होती. तिच्या वसतिगृहातल्या चार मैत्रिणींना ते मराठीतून सांगायचे तिने ठरवले आहे, आणि सोबत मसूरची हकीगतही वाचायची आहे, तेव्हा तुमच्याकडचा खंड पाठवा, असे तिने बजावले. खंड आम्ही पार्सलने पाठवला आहे. पोचल्याचा निरोप अजून यायचा आहे.